सत्यभामा मागं उभी आहे

"मामा, तुमी बोलत व्हते कुणासंगं?"

माऊलीनं हे विचारलं तेव्हा सांडू हिवराळे जेटच्या शेपटापाशी उकिडवा बसलेला होता. टर्बाइन नुकतीच विझली होती आणि आतली बारकी मोटर तिची पाती फिरवून तिला गार करत होती. सांडूनं मान वर केली नाही.

"मशीनसंगं," तो म्हणाला.

"मशीनला 'व्हय गं, दिसलं गं' म्हणत्यात व्हय?"

"तू तुझ्या बकऱ्या बघ. कपाशीत शिरल्या त्या."

बकऱ्या कुठंही शिरल्या नव्हत्या, हे दोघांनाही दिसत होतं. माऊली बरं म्हणाला आणि गेला. पण जाता जाता दोनदा मागं वळून बघितलं त्यानं. माऊलीच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे सगळ्या वैजापूर रस्त्याला ठाऊक आहे.

ही जागा म्हणजे एक फसलेलं प्लॉटिंग. मोठा महामार्ग इकडून जाणार म्हटल्यावर कुणीतरी घाईघाईनं शेतं घेतली, मधोमध रुंद डांबरी रस्ता केला, दोन्ही बाजूंना पांढरे दगड रोवले, वेशीला कमान उभारली आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसला. गिऱ्हाईक काही आलं नाही. आता त्या प्लॉटांवर माऊलीच्या बकऱ्या चरतात, कारण माऊली तिथला वॉचमन. आणि रविवारी सकाळी त्या सरळसोट रस्त्यावरून सांडू हिवराळेचं जेट उडतं.

खेळणं म्हणावं तर ते खेळणं नव्हे. लहान पोराच्या खाटेएवढं लांब, लाल-रुपेरी रंगाचं, आणि पोटात खरीखुरी टर्बाइन. आकारानं तांब्याएवढी, पण घासलेट प्यायला लागली की अशी किंचाळते की शेजारच्या मळ्यातली कुत्री गप होतात. मागं उभं राहिलं तर पायावरचे केस जळतील. सांडूनं शेंद्र्याच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, जन्म काढला. निवृत्त झाल्यावर बरोबरीच्यांनी फंडाच्या पैशातून घरावर मजले चढवले, पोरांची लग्नं वाजवली. यानं हे आणलं. मुकुंदवाडीच्या गल्लीत लोकांनी तोंडात बोटं घातली. बायको काय म्हणते ते बघायला तर बायका मुद्दाम दारात येऊन बसल्या होत्या.

सत्यभामा म्हणाली, "लोकं माडी चढवतेत. आमी विमान चढवतो. तुमाला काय तरास हाय का?"

मग बायका गेल्या.

या जेटचा एक कायदा आहे, आणि तो मोडला की जेट गेलंच. उडवणाऱ्यानं नजर हलवायची नाही. एवढ्या वेगानं जाणारी वस्तू, क्षणभर खाली बघितलं की ती येते आहे का जाते आहे, पोट वर आहे का पाठ, काही कळत नाही. म्हणून एक माणूस मागं उभं लागतं, खांद्याला खांदा लावून नव्हे, जरासं मागं. त्यानं आजूबाजूचं बघायचं आणि सांगायचं. घार आली, वारा फिरला, रस्त्यावर कुत्रं बसलंय, चाकं खाली आली. उडवणाऱ्यानं ऐकायचं आणि हात हलवायचे. मागं वळून बघायचं नाही.

सांडूच्या मागं सत्यभामा उभी राहायची. देवगाव रंगारीची पोर ती. लहानपणी बाजरीत माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलण्यात तिचे दिवस गेले होते. कुठलं पाखरू कुठून उठणार नि कुठं उतरणार, हे तिला पाखराच्या आधी कळायचं, आणि आवाज म्हणाल तर चार शेतं ओलांडून जाणारा. मोठ्या गोष्टी तिला कळत नव्हत्या. टर्बाइनला ती शेवटपर्यंत 'शेगडी' म्हणाली. पण सांडू म्हणायचा, माझे डोळे मागं उभे असतात.

उतरताना तर सगळा भार तिच्यावरच. कारण या टर्बाइनची एक खोड आहे. साधं पंख्याचं विमान असतं, त्याला पळ म्हटलं की पळतं. टर्बाइन तशी नाही. रिमोटवरची काडी पुढं सारली तरी ती आधी आतल्या आत शिट्टी चढवत बसते, मग जोर धरते. तेवढ्या वेळात जेट खाली येतच असतं. म्हणून उतरताना काही बिनसलं आणि मागून "वर" असं ऐकू आलं, की काडी सारायची. का, कशाला, हे नंतर विचारायचं. स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायला गेलं, की खात्री होते आणि जेट जमिनीत जातं. त्या एका शब्दावर विश्वास ठेवायला सांडूला दोनदा जेट मोडावं लागलं होतं. नंतर मात्र तिनं "वर" म्हणावं आणि यानं पापणी लवायच्या आत काडी सारावी, अशी गत झाली.

मागच्या उन्हाळ्यात सत्यभामा गेली. सकाळी भाकरी थापता थापता डोकं धरून खाली बसली, दवाखान्यात नेली, आणि तिसऱ्या दिवशी घरी आणली ती झाकूनच. सांडूनं सगळं नीट केलं. त्रिसरण म्हटलं, पंचशील म्हटलं. तिचे भाऊ कावळ्याला घास ठेवू म्हणाले, तर त्यांना त्यानं हात जोडून सांगितलं की आमच्यात हे नसतं. विहारात पोरांपुढं हेच तर बोलत आला होता तो आयुष्यभर. माणूस मेलं की संपलं, मागं काही उरत नाही, भूत नाही, आत्मा नाही, फिरणं नाही. गल्लीतल्या आवडाबाईला तिची मेलेली सासू स्वयंपाकघरात दिसायची, तर हाच तिची समजूत घालायला गेला होता. "काकू, डोक्यातलं हाय ते. दिवा लावा आन झोपा." आवडाबाई आजही ते लोकांना सांगते.

आणि आता याच्याच वाट्याला हे यावं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेल्यावर एका रविवारी तो इथं आला होता. उडवायचा विचार नव्हता. नुसती टर्बाइन पेटवून बघायची, पडून पडून खराब व्हायला नको, एवढंच. पण ती पेटली, शिट्टी चढली, आणि हात हातांचं काम करून बसले. जेट वर गेलं. आता मागं कुणी नाही, हे ध्यानात आलं तेव्हा सांडूची पाचावर धारण बसली. नजर हलवता येईना, उतरवावं तर वाऱ्याचा अंदाज येईना. आणि डाव्या खांद्याच्या मागून, नेहमीच्या जागेवरून, आवाज आला.

"वारं फिरलं ओ. कमानीकडून हाय आता."

सांडूच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "व्हय गं."

वारा खरंच कमानीकडून होता. तिनं सांगितलं तसं त्यानं जेट वळवलं, उतरवलं. चाकं थांबली तसा तो गर्रकन मागं वळला. डांबरी रस्ता, पांढरे दगड आणि लांब बकऱ्या. सांडू घाबरला होता का? होताच. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी घरी येऊन पहिल्यांदाच तो पोटभर जेवला.

तेव्हापासून एक रविवार चुकला नाही. जेट हवेत असेतो सत्यभामा मागं असायची, चाकं टेकली की गायब. जमिनीवर नुसती टर्बाइन चालू ठेवून बघितली त्यानं, नाही आली. हवेतच यायची. हवेत राहणं म्हणजे टाकीत घासलेट असणं, आणि टर्बाइन घासलेट ढोसते. जरा बोलणं रंगतंय तोवर संपतंच. मग सांडूच्या डोक्यात टाकीनं घर केलं. त्यानं आणखी एक टाकी बसवली. जेटच्या नाकात, पुढचं चाक जिथं दुमडून बसतं त्याच्या अंगालाच. तिथं जागा नव्हती. यानं ती केली. चाकाला खाली ढकलणारी हवेची बारीक नळी होती, ती जरा बाजूला दाबून घेतली. असलं काम टूलरूममध्ये एखाद्या शिकाऊ पोरानं केलं असतं, तर सांडूनं त्याला दिवसभर उन्हात उभं केलं असतं. हे त्याला बसवतानाच कळत होतं, आणि तरी त्यानं झाकण लावून स्क्रू आवळले.

कारण आता ती जास्त बोलायला लागली होती. वारा, घारी सांगून झालं की मधूनच लेकीचं काढायची, "मेघा बारीक झाली ओ." म्हणायची, "डोळे दाखवा एकदा, धूसर दिसतंय तुमाला." सांडूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, डॉक्टर कर म्हणत होता, हा आज-उद्या करत होता. ऑपरेशन म्हणजे कितीतरी रविवार बुडणार. एकदा त्यानं तिला विचारलंही, "तुझी चांदीची जोडवी कुठं ठिवली गं? मेघा मागत व्हती." तर म्हणाली, "घार बघा, उजवीकडं." जित्तेपणीही ती अशीच विषय बदलायची, असं म्हणून सांडूनं ते सोडून दिलं.

एका शब्दानं हे कुणाला सांगायची सोय नव्हती. विहारात कुणाच्या तोंडाकडं बघणार? आवडाबाई समोरून आली की हा रस्ता बदलायचा.

माऊलीनं अर्थातच फोन केला. मेघा, सांडूची लेक, वैजापूरच्या तहसील कचेरीत कारकून होती, संसारही तिथलाच. माऊलीला तिनं एकदा दाखला काढून दिला होता, तेव्हापासून तिचा नंबर त्याच्याकडं. शनिवारी ती मुकुंदवाडीला आली ती चप्पल काढायच्या आत बोलली.

"पप्पा, तुम्ही मम्मीसंगं बोलता म्हणे तिथं."

सांडू चहा गाळत होता. त्यानं कप भरले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, बुद्धाचा होता, त्यांच्याखाली सत्यभामाचा. तिघांपैकी एकाकडंही त्याला बघवलं नाही.

"कानात येतं," तो म्हणाला.

"काय येतं?"

"तिचं सांगणं. उडवताना. मागून." जरा थांबून म्हणाला, "हास तू. मी बी हासलो असतो."

मेघा हसली नाही. ती खाली बसली, आणि बघता बघता तिचे डोळे भरून आले.

"मला नाय येत कधी," ती म्हणाली. "मी किती वाट बघते. रात्री, बसमध्ये, भाजी करताना. एकदा तरी हाक मारावी तिनं. तुम्हालाच कसं येतं? मी तिची कुणी नाय का?"

इतके दिवस त्याला वाटत होतं, लेक आपल्याला वेड्यात काढील. ती हेवा करील असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्यानं तिच्यापुढं कप सरकवला, तिनं तो घेतला नाही.

"उद्या मी येते," तोंड पुसून ती म्हणाली. "मम्मीच्या जागेवर मी उभी राहणार."

"तू नको."

"का नको?"

"तिथं तू असलीस तर ती कशी यील?"

"आन तुम्हाला दिसंना झालंय त्याचं काय? माऊलीकाका म्हणत होते, मागच्या बारीला कमानीवरून केसभर अंतरानं गेलं. ते मशीन कुणाच्या टाळक्यात बसलं म्हंजे? मम्मी जाणार हाय का पोलीस ठाण्यात सांगायला?"

बोलाचाली झाली, अबोला झाला, जेवणंही मुकाट्यानंच झाली. शेवटी हात धुताना मेघानंच तोड काढली. एकदाच आपण मागं उभं राहायचं. आपण असतानाही मम्मी आली, तर सांडूनं खुशाल उडवावं, ती परत आडवी येणार नाही. नाही आली, तर जेट माळ्यावर आणि सांडू डोळ्यांच्या दवाखान्यात.

"आली का नाय, ते तुम्ही सांगायचं. मला खोटं सांगणार नाय ना?"

"तुला कधी सांगितलंय का?"

"नाय," मेघा म्हणाली. "म्हणून तर म्हणते."

त्या रात्री सांडूला झोप म्हणून लागली नाही. उद्या आवाज आला नाही, तर ती दुसऱ्यांदा जाणार, आणि या खेपेला तिला घालवणारा आपणच.

रविवारी ऊन कोवळं होतं तेव्हाच दोघं पोचली. मेघानं आग विझवायचा सिलिंडर उचलून स्वतःच्या पायाशी ठेवला. सांडूनं दोन्ही टाक्या भरल्या. दुसरी टाकी कशाला, असं तिनं विचारलं, तर तो म्हणाला, "जास्त वेळ उडतं." एवढ्यावर ती उमगली बहुतेक, टाकीचं झाकण तिनंच लावून दिलं.

टर्बाइन पेटली. मेघानं कानांवर हात दाबले. जेट रस्त्यावर धावलं, नाक उचललं आणि गेलं. सांडूनं चाकं पोटात घेतली, पहिलं वळण घातलं आणि कान मागं लावून उभा राहिला.

"पप्पा, डावीकडं लांब घार हाय एक," मेघा म्हणाली.

"हं."

दुसरं वळण झालं, तिसरं झालं. नाही आली. येणारच नव्हती. लेकीच्या अंगाला साबणाचा वास होता, तो वाऱ्यानं पुढं येत होता, आणि त्या जागेवर दुसऱ्या कुणाला उभं राहायला जागाच नव्हती. आणि तेवढ्यात आलीच. मेघा डाव्या खांद्यामागं उभी होती, म्हणून ही उजव्या खांद्यामागून.

"लेकीनं ड्रेस छान घातलाय ओ."

दोघी होत्या. एका बाजूला लेक, एका बाजूला ती, आणि वर जेट. त्यानं कधी नव्हे तो उलटा फिरका मारला. मेघा "बापरे" म्हणाली आणि सत्यभामा "पुरं आता" म्हणाली. आयुष्यात यापेक्षा जास्त काय पाहिजे असतं माणसाला? टाकीत अजून होतं, त्यानं आणखी फेऱ्या मारल्या, आणखी मारल्या. मेघा सांगत होती, तीही सांगत होती, आणि सांडू दोघींनाही व्हय व्हय म्हणत होता.

मग उतरायची वेळ झाली. त्यानं जेट लांब नेलं, वळवलं, चाकांचं बटण खाली ओढलं. समोरून जेट येत होतं. सांडूला ते दिसत होतं म्हणजे काय, एक लालसर डाग दिसत होता, ओल्या काचेतून दिसावा तसा.

"चाकं आली," उजवीकडून सत्यभामा म्हणाली. "तीनी. घ्या खाली."

सांडूनं काडी मागं ओढली. शिट्टी उतरली.

"पप्पा," डावीकडून मेघा म्हणाली. "दोनच हायेत. पुढचं नाय आलं."

"तीन हायेत ओ," सत्यभामा म्हणाली. "बिनघोर घ्या."

"पप्पा, पुढचं चाक नाय. वर घ्या. पप्पा, वर."

बघून खात्री करायला वेळ नव्हता, आणि बघायला डोळेही नव्हते. सांडूच्या मनात काय आलं हे त्यालाही नंतर नीट सांगता आलं नाही. इतकंच की सत्यभामा जित्तेपणी न बघता कधी 'तीन' म्हणाली नव्हती. उन्हाची तिरीप असली, धूर असला, तर ती म्हणायची, "थांबा, दिसंना." सांडू चिडायचा, घासलेट संपत आलंय म्हणून ओरडायचा, तरी ती अंदाजानं बोलायची नाही. आणि ही बाई म्हणत होती तीन. तीन का म्हणत होती? सांडूनं बटण दाबलं होतं म्हणून. त्याला वाटत होतं तीन आली असतील म्हणून. त्याला जेवढं दिसत होतं तेवढंच हिला दिसत होतं, त्याला ठाऊक नव्हतं ते हिला ठाऊक नव्हतं. वारा सांगायची, तो तर त्याच्याच गालाला लागत असायचा. वर्षभरात एक नवी गोष्ट हिनं सांगितली नव्हती, जोडवीसुद्धा नाही.

त्यानं काडी पुढं सारली.

टर्बाइननं नेहमीसारखा वेळ घेतला. जेट खाली आलं, आणखी खाली आलं, रस्त्याच्या कडेचं गवत त्याच्या वाऱ्यानं झोपलं. मग जोर आला आणि ते दोघांच्या डोक्यावरून किंचाळत वर गेलं. मेघा खाली बसली होती, ती उठली.

सांडूनं चाकं पोटात घेतली, परत सोडली. जेट हलवून बघितलं, झटके दिले.

"आलं का?"

"नाय. दोनच."

कसं येईल? इतके रविवार कसंबसं चाललं होतं, पण ती नळी कुणी दाबून ठेवली होती हे सांडूला माहीत होतं. तिला जरा जास्त वेळ ऐकावं म्हणून बसवलेली टाकी तिथं चाक अडवून बसली होती. त्यानं उजवा खांदा किंचित मागं नेला. "काय करू गं?" तो हळूच म्हणाला. उजवीकडं काही नव्हतं. त्यानं परत विचारलं. कुणी गप्प बसलं तर बसलेलं कळतं. हे तसं नव्हतं. तिथं नुसती मोकळी जागा होती.

"पप्पा, काय करायचंय ते सांगा मला," मेघा म्हणाली. ती जागेवरून हलली नव्हती. "मी बघते. मी सांगते. मला दिसतंय."

"मागच्या दोन चाकांवर उतरवतो," सांडू म्हणाला. "नाक वर धरून ठेवायचं शेवटपर्यंत. मला रस्ता किती खाली हाय ते सांग. अंदाजानं नको सांगू."

"नाय सांगत."

जेट वळून आलं. आता त्या लालसर डागाखेरीज सांडूला काही दिसत नव्हतं, आणि मेघा बोलत होती. तिला या कामातले शब्द माहीत नव्हते, म्हणून तिनं आपले काढले. "माणसाएवढं हाय... कमरेएवढं... सरळ हाय, सरळ... गुडघ्याएवढं... वीतभर... टेकलं, पप्पा, टेकलं." सांडूनं टर्बाइन विझवली आणि नाक वर धरलं. मागची दोन चाकं डांबरावर घरंगळत होती. वेग उतरला, उतरला, आणि शेवटी नाक हळूच खाली आलं आणि रस्त्यावर खरवडत थांबलं. आग लागली नाही. मेघा सिलिंडर घेऊन धावली होती, तो तसाच हातात धरून जेटपाशी उभी राहिली आणि मोठ्यानं हसायला लागली. तिला रडूही येत होतं.

सांडू चालत तिथवर गेला. नाकाचा लाल रंग निघाला होता, आतलं पांढरं उघडं पडलं होतं. बाकी जेट धड होतं.

"आली होती का?" मेघानं विचारलं.

"आली व्हती," सांडू म्हणाला. खोटं सांगणार नाही असं ठरलं होतं. "तू वर म्हणालीस तेव्हा ती खाली घ्या म्हणत व्हती."

मेघाचं हसू थांबलं. तिनं सिलिंडर खाली ठेवला. तिला कळायचं ते कळलं, पण एखाद्या पोरीला शेवटचं एकदा विचारून बघावंसं वाटतंच.

"मम्मी असती पप्पा, तर आता काय म्हणाली असती?"

या वर्षात असलं कुणी काही विचारलं की सांडूकडं उत्तर तयार असायचं. सत्यभामा असं म्हणाली असती, तसं म्हणाली असती, तिच्याच आवाजात, तिच्याच हेलात. त्यानं तोंड उघडलं. वाट बघितली. लांब महामार्गावरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज विरून गेला, तरी तो वाट बघत होता.

"मला काय म्हाईत, पोरी," तो म्हणाला. "ती नाय ना आता."

दवाखान्यात तो रडला नव्हता, कागदांवर सह्या करत होता. मातीच्या वेळी रडला नव्हता, तिच्या भावांची समजूत घालत होता. आता रिमोट गळ्यातच ठेवून तो डांबरी रस्त्याच्या मधोमध बसला आणि मोठ्यानं रडू लागला. मेघा त्याच्या शेजारी बसली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण गप्प राहा असं काही ती म्हणाली नाही.

माऊली कमानीकडून बकऱ्या घेऊन येत होता. दोघांना तसं बसलेलं बघून तो जागीच थांबला. मग त्यानं बकऱ्या वळवल्या आणि लांबच्या बांधानं नेल्या.